नाताळाआधीची नगरची मंडळी

१८३१ च्या डिसेंबरात तीन अमेरिकन मिशनरी मुंबईहून घाट चढून अहमदनगरला आले. अॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही. बरोबर बाबाजी रघुनाथ होते, ख्रिस्ती झालेले एक ब्राह्मण गृहस्थ. पेशवाई जाऊन तेरा वर्षं झाली होती. महिना नाताळाचा होता, पण ही माणसं नाताळ घेऊन आली नव्हती. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वळणात वाढलेल्या त्या पिढीला हा सणच मान्य नव्हता. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही तो दिवस पाळायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली तीच मुळी १८५६ साली. मग नाताळाआधीचे चार रविवार, ज्याला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात, तो तर त्यांच्या पंचांगात कुठेच नव्हता.

त्यांच्या हाती आलं ते वेगळंच काम. नगरात इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर चालणारं निराधारांचं एक आश्रयस्थान होतं. आंधळे, पांगळे, महारोगी, घरच्यांनी सोडलेले म्हातारे. त्याची देखरेख मिशनऱ्यांकडे आली आणि या लोकांत रोज बसून बोलण्याचं, त्यांना शिकवण्याचं काम बाबाजींनी अंगावर घेतलं. नगरच्या मंडळीचे, म्हणजे इथल्या ख्रिस्ती उपासक समूहाचे, सुरुवातीचे सभासद इथूनच आले. हर्व्ही १८३२ मध्ये पटकीने गेले. १८३३ मध्ये मंडळीची रीतसर स्थापना झाली आणि त्याच वर्षी पटकीनेच बाबाजींनाही नेलं.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. या गावात आधी निराधारांचं घर होतं, मग त्यातून मंडळी उभी राहिली, आणि सण आला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. एरवी धर्मसंस्था आधी उभी राहते आणि दानधर्माचं खातं मागाहून उघडतं. नगरच्या ख्रिस्ती समाजाची नाताळाची तयारी समजून घ्यायची तर इथून सुरुवात करावी लागते. त्या तयारीत दाराबाहेरच्या माणसाचा वाटा आहे, आणि तो मंडळीच्या जन्मापासूनचा आहे.

सण आला कसा? अँग्लिकन मिशन नगरमध्ये आलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट फादर जिल्ह्याच्या उत्तर भागात खेडोपाडी पोचले आणि त्यांच्याबरोबर जुनं चर्चचं वर्षही आलं. चार रविवार, जांभळं वस्त्र, यशया संदेष्ट्याची वाचनं. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये संयुक्त चर्चमध्ये गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्या आणि अँग्लिकन एका छपराखाली आले. तो दिवस रविवार होता, आणि त्या वर्षीचा आगमनकाळाचा पहिला रविवारही तोच होता. प्युरिटनांच्या नातवंडांनी नव्या घरात पाऊल टाकलं ते नेमकं अशा दिवशी.

आज चर्चच्या वेदीजवळ जे चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं दिसतं त्याचं मूळ जर्मनीत आहे. योहान हिनरिश विखर्न नावाच्या पाळकाने हँबुर्गमध्ये १८३३ साली रस्त्यावरच्या गरीब मुलांसाठी एक घर उघडलं. नाताळ कधी येणार म्हणून ती मुलं रोज विचारायची, तेव्हा १८३९ मध्ये त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले. नगरची मंडळी आणि हँबुर्गचं ते घर एकाच वर्षातले. दोघांना एकमेकांची खबरही नव्हती. पण हे कडं नगरला उपरं वाटत नाही, कारण तेही निराधारांच्या घरातच जन्मलेलं आहे. इथे फरच्या फांद्या कुठून आणणार? जे हिरवं मिळेल ते बांधतात.

तयारी सुरू होते ती मात्र मेणबत्तीने नाही, झाडूने. दिवाळी सरलेली असते. चर्चला चुना किंवा रंग, घराला सारवण किंवा रंग, अंगणात बांबूच्या कामट्यांची नाहीतर विकतची चांदणी. महिला मंडळाची बैठक बसते. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी यंदा मयत झालंय, कोणाचा पोरगा कामावरून निघालाय, याची उजळणी होते. तिला यादी म्हणत नाहीत, पण तीच खरी यादी असते. संडे स्कूलच्या मुलांचं नाटक बसतं. मेंढपाळ व्हायला सगळे तयार, हेरोद व्हायला कोणी नाही. तरुण संघ कॅरलच्या फेऱ्या ठरवतो. आणि पाळकसाहेबांना चार रविवारांची प्रवचनं, घरभेटी, दुखणाईतांचं प्रभुभोजन आणि हिशेबाची वही या सगळ्यांतून वाट काढायची असते.

या दिवसांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा प्रसंग वाचला जातो. लोक त्याला विचारतात, आम्ही करायचं काय? तो त्यांना उपास सांगत नाही, यात्रा सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचंही तसंच, असं सरळ उत्तर देतो. डिसेंबरात नगरच्या पठारावर थंडी बोचरी पडते. त्या थंडीत हे वाचन ऐकणाऱ्याला अंगरख्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

फराळ घरोघरी होतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, लाडू. दिवाळीचाच फराळ, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. दिवाळीत ज्या घरून ताट आलं त्या घरी नाताळचं ताट जातं, ईदला ज्यांनी शीरखुर्मा पाठवला त्यांच्याकडेही जातं. शहरात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुटुंबांत ही देवघेव कोणी ठरवून सुरू केलेली नाही, म्हणून ती टिकली आहे.

पण नगरच्या आगमनकाळाचा खरा गाभा मला गाण्यात दिसतो. रात्री कॅरल पार्टी निघते तेव्हा पेटी असते, ढोलकी असते, झांजा असतात. इंग्रजी चालींवरची गीतं होतात आणि मग कोणीतरी अभंगाच्या चालीवर सूर धरतो. हे या जिल्ह्यातलंच देणं आहे. मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत गीतं रचली, पण ती बरीचशी परक्या चालींवर. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सगळं तसंच. आख्यान मात्र बेथलेहेमचं. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे देवाच्या जन्माची गोष्ट ओवी-अभंगात ऐकण्याची कानाला सवय होतीच. लोक उभे राहून ऐकू लागले. प्रवचनाला न थांबणारा माणूस कीर्तनाला थांबला.

नारायण वामन टिळकांचं नाव इथे टाळता येत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर नगर व राहुरी ही त्यांची कर्मभूमी झाली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि त्यांच्या गीतांत तो पूल दिसतो. त्यांची भजनं आजही या मंडळ्यांच्या तोंडी आहेत. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम अकरा अध्यायांवर सोडून ते १९१९ च्या मे महिन्यात गेले. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि अखेरचा त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी. धड शाळेत न गेलेल्या बाईने नवऱ्याचं महाकाव्य तडीस न्यावं, ही मराठी साहित्यातली एक मोठी घटना आहे आणि तिच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' सगळे वाचतात, 'ख्रिस्तायन' फारसं कोणी उघडत नाही.

'स्मृतिचित्रे'त नगरचे प्लेगचे दिवस आहेत. सांभाळायला घेतलेल्या अनाथ मुली, त्यांच्यात शिरलेला प्लेग, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या मुलींची केलेली शुश्रूषा.  शेजारधर्म म्हणजे काय, हे त्या पानांवरून कळतं.

त्याआधीपासून दुष्काळही येत होते. १८७६ ते ७८ चा, मग १८९६-९७ चा, आणि त्यातून माणसं सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा. नगर जिल्हा पर्जन्यछायेत; पाऊस हुकला की इथे पहिला घाव. मिशनरी रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचा जन्म मुंबईतला आणि १८७४ पासून काम नगरमध्ये. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर होती. १९०० साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईच्या वाटेला लागलं. ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. नगरचं ह्यूम मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभं आहे. अनाथ मुलांना नुसतं खाऊ घालून भागणार नव्हतं, म्हणून उद्योगशाळा निघाल्या, डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने याच गावात सुधारित हातमाग तयार केला.

दुष्काळाच्या वर्षांत महार-मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. तेव्हापासून एक टोमणा या समाजाच्या पाठीशी लागला आहे: पोटासाठी बाटले. त्याला बगल देऊन पुढे जाणं मला बरं वाटत नाही. उपाशी माणूस भाकरी देणाऱ्याकडे जातो, यात लाजण्यासारखं काही असेल तर ते भाकरी नाकारणाऱ्यांसाठी आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला कोणी आपल्या ओळीत बसवलं, त्याच्या मुलीला पाटी दिली, त्याच्या दुखण्याला हात लावला, तर तो त्या माणसाचा देवही जवळून पाहणारच. सिंथिया फरार बाई १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे, असं सांगितलं जातं. पुढच्या पिढ्यांत याच समाजातून शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर निघाले आणि महाराष्ट्रभर पसरले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. जन्माने ब्राह्मण असलेले पाळक आणि महारवाड्यातून आलेले सभासद एकाच भाकरीचे वाटेकरी झाले. जात संपली असं मी म्हणणार नाही. सोयरिकी जुळवताना ती अजून डोकं वर काढते, आणि हे मंडळीतले जाणते लोक स्वतःच बोलून दाखवतात.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं गेलं, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणजे डिसेंबरात गरजूंसाठी ब्लँकेटं गोळा करणारी ही मंडळी श्रीमंत नाही. नगर शहरातली काही सुस्थितीतली घरं सोडली तर खेड्यातला ख्रिस्ती माणूस अल्पभूधारक किंवा मजूर आहे. कापणीच्या सणाला तो चर्चमध्ये ज्वारीची पायली आणतो, कोंबडी आणतो, भोपळा आणतो. त्याचा लिलाव होतो, आणि स्वतः आणलेला भोपळा कधी तोच चढ्या बोलीने परत घेतो. त्या पैशावर मंडळीचं वर्ष चालतं. पेटीत पडणारी नाणी या हातांची आहेत.

अमेरिकन मिशनने नगरमध्ये स्त्रियांसाठी सुरू केलेल्या वैद्यकीय कामातून जे हॉस्पिटल उभं राहिलं ते पुढे मुक्तिफौजेकडे गेलं. इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल हे त्याचं पूर्ण नाव. नगरकर नुसतं बूथ म्हणतात. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णाच्या घरासमोरून जायलाही लोक भीत होते, तेव्हा बूथने आपले वॉर्ड करोनाच्या रुग्णांसाठी उघडले. त्या दिवसांत तिथे राबलेल्या परिचारिका आणि सफाई कामगार यांचा सत्कार झाला असेल-नसेल, नगरच्या कित्येक घरांत त्यांची आठवण निघते.

शहरापासून दूर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे याच जिल्ह्यातले, सुप्याचे. ते आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं उच्च शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते जामखेडला येऊन राहिले. जामखेड तेव्हा दुष्काळी, आडवळणाचं, बाळंतपणात बाया दगावणारं. मोठं हॉस्पिटल बांधून वाट पाहत बसायचं नाही, आजार गावातच अडवायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी त्यांनी निवडल्या गावातल्याच बाया. बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळाचं वजन करायला, जुलाबात साखर-मिठाचं पाणी द्यायला, बाळंतपण स्वच्छ हातांनी करायला, कुष्ठरोगाचा डाग ओळखायला शिकवलं. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातात सवर्णांच्या घरचं मूल जन्माला येऊ लागलं. जातीवर कितीही भाषणं केली तरी हे झालं नसतं.

१९७२ च्या दुष्काळात लोकांनी पाणी मागितलं, तर डॉक्टर पाण्याच्या मागे लागले. विंधन विहिरी घेतल्या त्या मुद्दाम दलित वस्तीत, म्हणजे सगळ्या गावाला तिथे पाण्याला यावं लागेल. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे आरोग्य कार्यकर्ते आजही जामखेडला शिकायला येतात. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. दोघांची श्रद्धा उघड होती. पण त्यांच्या सेवेआडून बाप्तिस्म्याची अट कोणाला घातली गेली नाही. आगमनकाळाबद्दल मला कोणी विचारलं तर मी जामखेडकडे बोट दाखवेन.

संगमनेर भागात असंच काम हर्मन बाखर या स्विस जेझुइट फादरनी केलं. १९४८ मध्ये भारतात आलेला हा माणूस दुष्काळ पाहून पाणलोटाकडे वळला. डोंगरावर सलग समतल चर, नाल्याला बांध, चराईबंदी, झाडं. आणि हे सगळं गावाने श्रमदानाने करायचं. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. १९९३ मध्ये उभी राहिलेली 'वॉटर' ही संस्था त्यांच्याच प्रेरणेतली. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा शोक करणारे बहुतेक शेतकरी हिंदू होते.

हरेगावच्या मतमाउलीचं, म्हणजे मरियामातेचंही तसंच. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी सप्टेंबरात यात्रा भरते, १९४९ पासून. त्यात ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती हे मोजत बसायला कोणाला सुचत नाही. नवस बोलणारी आई कोणत्याही धर्माची असते.

आता डिसेंबरातला शेजारी कोण, हे पाहू. भंडारदरा आणि मुळा धरणाच्या कालव्यांनी जिल्ह्याचा उत्तर भाग उसाचा झाला. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची सुरुवात झाली, मग कारखान्यांची रांग लागली. दिवाळी झाली की पाथर्डी, जामखेड आणि बीड भागातून ऊसतोड टोळ्या उत्तर नगरमध्ये उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडावर जायचं, रात्री ट्रॅक्टर भरून द्यायचा, आणि राहायचं ते पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कागदाच्या कोपीत, उघड्या माळावर. लेकरं तिथेच. गरोदर बायाही तिथेच. आगमनकाळाचे चारही रविवार या कोप्यांवरून जातात. गावोगावच्या चर्चवर चांदणी लागलेली असते, आणि कोपी तिथून फार लांब नसते.

जन्माला यायला जागा न मिळालेल्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या सणाला याहून जवळचा शेजारी नाही. ज्या मंडळ्या या कोप्यांपर्यंत पोचतात त्यांनी तिथे मिठाईपेक्षा तापाचं औषध, लसीकरणाची चौकशी आणि साखरशाळेत मुलांची नावं पोचवावीत, असं मला मनापासून वाटतं. जामखेडने आखून दिलेली वाट हीच आहे. कॅरलच्या एका फेरीचा मार्ग फडाकडे वळवला तरी पुष्कळ.

नगर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, संगमनेर या भागात राहणाऱ्या वाचकाला, तो कोणत्याही धर्माचा असो, एक विनंती. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या सकाळी जवळच्या चर्चमध्ये जा. मागच्या बाकावर जागा असते आणि जात-धर्म कोणी विचारत नाही. उपासना झाली की महिला मंडळाच्या बायांना विचारा, यंदा कुठे काय कमी पडतंय. घरात वापराविना पडलेलं ब्लँकेट, मुलांचे स्वेटर धुऊन, नीट घडी करून बरोबर न्या. डिसेंबर संपेपर्यंत थांबू नका, कारण थंडी त्याआधीच पडते.